राजाश्रय आणि लोकाश्रय : दोन मुक्त आज्ञावलींचा इतिहास



आपल्या शाळेच्या दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. आजवर या व्यासपीठावरून संतवाङ्मय, मराठेशाही आणि बडोद्याची संस्थानी राजवट अशा विषयांवर अधिकारी विद्वान बोलून गेले. त्या मालिकेत संगणकाच्या आज्ञावलींचा इतिहास हा विषय काहीसा उपरा वाटण्याचा संभव आहे. मी व्यवसायाने संगणक अभियंता. इतिहासाचा अभ्यास केवळ हौसेने केलेला. तथापि माझ्या व्यवसायाच्या अल्प इतिहासात संस्थाजीवनाचा एक फार जुना प्रश्न नव्या वेषात उभा राहिलेला मी पाहिला. एखादी वस्तू एकाने आपल्या पैशाने उभी केली, पुढे ती वाढवण्यासाठी सर्वांना बोलावले आणि अनेकांनी तीत आपले श्रम ओतले, तर ती वस्तू कोणाची? तिच्याविषयीचे निर्णय कोणी घ्यावयाचे? या प्रश्नाला दोन कंपन्यांनी दिलेल्या दोन उत्तरांची हकीकत मी आज सांगणार आहे.

प्रथम विषयाची थोडी ओळख करून देतो. हलवायाकडून आपण मिठाई विकत आणतो. तिची कृती तो आपणास देत नाही. संगणकाची आज्ञावलीही बहुधा अशीच विकली जाते. अभियंते जी वाचता येण्याजोगी मूळ संहिता लिहितात ती कंपनीच्या तिजोरीत राहते आणि ग्राहकाच्या हाती येते ते केवळ यंत्राला कळणारे रूप. याच्या उलट, मूळ संहिता सर्वांपुढे ठेवावी, ती वाचण्याची, बदलण्याची आणि पुन्हा वाटण्याची मोकळीक परवान्याद्वारे द्यावी, असा एक पंथ आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत या विचाराची चळवळ आरंभली. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स जगापुढे ठेवले आणि देशोदेशीच्या हौशी मंडळींनी ते वाढवले. परंतु ही दोन्ही कामे कंपन्यांच्या अंगणाबाहेर जन्मली होती. त्यांना धनी नव्हता, म्हणून धन्याशी भांडणही नव्हते. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीनेच आपली तिजोरी उघडली म्हणजे काय होते, हा प्रश्न १९९८ पर्यंत मोठ्या प्रमाणावर उपस्थितच झाला नव्हता.

नेटस्केपचे धाडस

तो उपस्थित केला नेटस्केप या कंपनीने. १९९४ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या या कंपनीचा ब्राउझर, म्हणजे इंटरनेटवरील पाने पाहण्याची आज्ञावली, अल्पावधीत जगभर पसरला होता. पुढे मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर विंडोजबरोबर फुकट देण्यास आरंभ केला आणि नेटस्केपच्या विक्रीचा पायाच खचला. तेव्हा २२ जानेवारी १९९८ रोजी नेटस्केपने दोन गोष्टी जाहीर केल्या : ब्राउझर यापुढे विनामूल्य मिळेल, आणि पुढील आवृत्तीची मूळ संहिता सर्वांस खुली होईल. ‘ओपन सोर्स’ हा आज सर्वतोमुखी झालेला शब्दप्रयोगसुद्धा या घोषणेनंतर दोन आठवड्यांच्या आत, फेब्रुवारी १९९८ मध्ये, पालो आल्टो येथील एका बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवला.

संहिता उघडणे म्हणजे केवळ कुलूप काढणे नव्हे. इतर कंपन्यांकडून घेतलेले जे भाग त्या संहितेत होते ते एकतर त्यांच्या संमतीने ठेवावयाचे, नाहीतर उपसून काढावयाचे होते. सांकेतिक लेखनाच्या तंत्रावर त्या काळी अमेरिकी सरकारचे निर्यातबंधन होते, म्हणून सुरक्षित देवाणघेवाणीचा सगळा भाग काढून टाकावा लागला. ३१ मार्च १९९८ रोजी संहिता प्रकट झाली आणि अमेरिकी कायद्याच्या कक्षेबाहेर ऑस्ट्रेलियात बसलेल्या मंडळींनी तो काढलेला भाग फार थोड्या अवधीत नव्याने बसवून दाखवला. समाजाला हाक दिली तर तो कोणत्या दिशेने आणि किती वेगाने येईल हे कंपनीच्या नियोजनात बसत नाही, याची ही पहिली खूण होती.

परवान्याच्या बाबतीत नेटस्केपने एक दूरदर्शी गोष्ट केली. त्याचा मसुदा मार्च १९९८ मध्ये लोकांपुढे टीकेसाठी ठेवला. इतरांनी केलेल्या सुधारणा आपल्या बंदिस्त उत्पादनांतही वापरण्याचा खास हक्क त्यात कंपनीने स्वतःकडे राखला होता. त्यावर काहूर उठले : आम्ही घाम गाळावयाचा आणि खास मान मात्र तुमचा, हे कसे? कंपनीने तो हक्क पूर्णतः सोडला नाही. पण तो आपल्या मूळ संहितेपुरता सीमित केला आणि नव्याने लिहिल्या जाणाऱ्या संहितेसाठी असा खास हक्क नसलेला दुसरा परवाना, मोझिला परवाना, सिद्ध केला. दोन्ही परवान्यांच्या लेखनात मिचेल बेकर या कायदेतज्ज्ञ बाईंचा प्रमुख वाटा होता. त्यांचे नाव आपण ध्यानात ठेवावे. या हकीकतीत ते पुन्हा येणार आहे.

कामाचा कारभार पाहण्यासाठी कंपनीने मोझिला या नावाचा एक वेगळा लहान गट नेमला. त्याची घडी अशी होती. संहितेचे अनेक भाग पाडून प्रत्येकाला एक धनी नेमावयाचा. त्या भागात कोणाचा बदल घ्यावयाचा हे त्याने ठरवावयाचे. हा धनी कंपनीचा नोकर असलाच पाहिजे असा नियम नव्हता. आलेला बदल दुसऱ्या जाणकाराने तपासल्याखेरीज आत जावयाचा नाही, मग तो बाहेरच्या विद्यार्थ्याचा असो वा कंपनीच्या ज्येष्ठ अभियंत्याचा. आणि दोषांची नोंदवही, जिला बगझिला म्हणतात, ती सर्वांस खुली. आपल्या मालातील उणिवांची यादी चव्हाट्यावर मांडणे कोणत्याही दुकानदाराला जड जाते. तथापि नवागताला हातभार लावण्याची पहिली संधी त्या यादीतूनच मिळते.

इतके असूनही पहिले वर्ष निराशेचे गेले. मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक, जेमी झविन्स्की, यांनी बरोबर वर्षभराने, १ एप्रिल १९९९ रोजी राजीनामा दिला आणि त्याची कारणे जाहीर मांडली. त्यांचा हिशेब असा होता : कामावर नेटस्केपचे सुमारे १०० पूर्णवेळ अभियंते आणि बाहेरची सुमारे ३० माणसे, तीही फावल्या वेळात, अशा स्थितीत हे काम सर्वस्वी नेटस्केपचेच राहिले. संहिता इतकी गुंतागुंतीची होती की, बाहेरच्या माणसाला किरकोळ दुरुस्ती करावयाची तरी आधी दीर्घकाळ अभ्यास करावा लागे. आणि वर्षभरात लोकांनी रोज वापरावे असे काही हाती दिले गेले नव्हते. या दोन कारणांत माझ्या मते सर्व सामुदायिक कामांचे मर्म आहे. लोक केवळ आमंत्रणाने येत नाहीत. त्यांच्या बळाला पेलेल असे लहान काम समोर असावे लागते आणि त्याचे फळ नजरेच्या टप्प्यात दिसावे लागते.

दरम्यान कंपनीच विकली गेली. एओएलने नेटस्केप घेत असल्याचे नोव्हेंबर १९९८ मध्ये जाहीर केले आणि मार्च १९९९ मध्ये व्यवहार पुरा झाला. नव्या मालकाला बाजारात दाखवावयास काहीतरी हवे होते. संहिता अजून कच्ची असता नोव्हेंबर २००० मध्ये नेटस्केप ६ बाजारात आणण्यात आले आणि ते सपशेल फसले. येथे कंपनीचे पंचांग आणि समाजाचे पंचांग यांतील भेद उघड होतो. कंपनीचा मुहूर्त विक्रीच्या हंगामावरून निघतो. समाजाचा मुहूर्त काम पक्व झाल्यावर. मोझिलाच्या मंडळींनी आपली पहिली पूर्ण आवृत्ती ५ जून २००२ रोजी, म्हणजे संहिता उघडल्यापासून चार वर्षांनी प्रसिद्ध केली.

याच काळात एक अपूर्व गोष्ट घडली. २००१ च्या शरदऋतूत एओएलने जी नोकरकपात केली तीत मिचेल बेकर यांचीही नोकरी गेली. कंपनीच्या शिस्तीप्रमाणे त्यांचा मोझिलाशी संबंध तेथेच संपावयास हवा होता. पण त्या बिनपगारी स्वयंसेवक म्हणून मोझिलाचे नेतृत्व करीतच राहिल्या आणि सहकाऱ्यांनी त्यांना पूर्ववत प्रमुख मानले. म्हणजे त्या पदाचा अधिकार नोकरीच्या करारातून येत नसून सहकाऱ्यांच्या मान्यतेतून येत होता. माझ्या मते मोझिला ही स्वतंत्र संस्था कागदावर २००३ साली झाली. वस्तुतः ती २००१ च्या त्या दिवसांतच झाली होती.

१५ जुलै २००३ रोजी मोझिला प्रतिष्ठान स्थापन झाले. एओएलने ब्राउझरवर काम करणाऱ्या नेटस्केपच्या अभियंत्यांना त्याच सुमारास रजा दिली. परंतु जाताना प्रतिष्ठानास २० लाख डॉलरचे साहाय्य आणि मोझिला हे नावही दिले. सासरी धाडताना दागिने अंगावर ठेवावेत तसे हे झाले. पुढे ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली आवृत्ती निघाली. तिचा डंका पिटण्यासाठी जाहिरातीचे पैसे नव्हते, म्हणून सुमारे १०,००० जणांनी लोकवर्गणी जमवली आणि १६ डिसेंबर २००४ च्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये दोन पानांची जाहिरात झळकली. ऑक्टोबर २००५ पर्यंत फायरफॉक्स १० कोटी वेळा उतरवून घेतला गेला होता.

ओपनऑफिसचे अपुरे वचन

दुसरी हकीकत जर्मनीत सुरू होते. मार्को ब्योरीस या तरुणाने १९८५ साली ल्युनेबर्ग येथे स्टार डिव्हिजन ही कंपनी शाळकरी वयात काढली. पत्रलेखन, हिशेबाचे तक्ते इत्यादी कचेरीकामाची स्टारऑफिस ही आज्ञावली तिने घडवली. १९९९ मध्ये अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने ही कंपनी विकत घेतली. १९ जुलै २००० रोजी सनने संहिता खुली करण्याचे जाहीर केले आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी ती ओपनऑफिस या नावाने प्रकट झाली. पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली निघाली.

सनचे उपकार येथे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत. बहुतांश संहिता हॅम्बर्ग येथील तिच्या पगारी अभियंत्यांनी लिहिली. ओपनऑफिसच्या कामातून जन्मलेला दस्तऐवजांचा खुला आराखडा २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला, यामागेही सनचे पाठबळ होते. पैसा, माणसे आणि धोरणातील सातत्य हे सर्व राजाश्रयाचे गुण त्या दहा वर्षांत दिसले.

दोष होता तो कारभाराच्या रचनेत. बाहेरच्या कोणाही लेखकाची संहिता आत घ्यावयाची तर त्याने प्रताधिकारात सनला वाटेकरी करून घेणारा करार सही करून द्यावा, अशी अट होती. लेखकाचा हक्क जात नसे, हे खरे. पण सनला तीच संहिता अन्य अटींवर वापरण्याची मुभा मिळे, आणि तीच संहिता सन स्टारऑफिस या नावाने विकतही असे. ही मुभा दुसऱ्या कोणास नव्हती. साहजिकच इतर कंपन्यांचे आणि कित्येक स्वतंत्र अभियंत्यांचे हात आखडले. बाहेरून आलेल्या दुरुस्त्या दीर्घकाळ पडून राहतात, अशीही तक्रार वारंवार होई. परिणामी नॉव्हेल कंपनीतील अभियंते व इतर काही जणांनी आत न घेतलेल्या सुधारणांची वेगळी जुडी बांधली. लिनक्सच्या अनेक वितरणांतून लोकांच्या हाती ओपनऑफिस म्हणून जाई ते बहुधा या जुडीसह. म्हणजे २०१० मध्ये जो दुभंग जगाला दिसला त्याची भेग कित्येक वर्षे आधीच पडली होती. लोकांना न्याय मिळण्याची वाट घरात नसली म्हणजे ते प्रथम परसदारी वेगळी चूल मांडतात. वेगळे घर त्यानंतर बांधतात.

समाजाचे मंडळ नव्हते असे नाही. सनचे प्रतिनिधी आणि स्वयंसेवक यांची एक परिषद होती. तिच्या सभा होत, ठराव होत. पण नाव, यंत्रसामग्री आणि प्रताधिकाराचा खास वाटा ही तिन्ही कंपनीकडे होती. त्यामुळे परिषदेचा अधिकार कंपनीच्या सदिच्छेएवढाच होता, आणि सदिच्छा कंपनीबरोबर विकली जाते असा नियम नाही.

तो दिवस लवकरच आला. एप्रिल २००९ मध्ये ओरॅकलने सन विकत घेण्याचे जाहीर केले आणि २७ जानेवारी २०१० रोजी व्यवहार पुरा झाला. स्वयंसेवकांनी काही महिने वाट पाहिली. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांच्यातील अग्रणींनी द डॉक्युमेंट फाउंडेशन या स्वतंत्र संस्थेची घोषणा केली. मूळ सनदेत स्वातंत्र्याचे जे वचन लिहिलेले होते त्याची आपण दहा वर्षांनी पूर्तता करीत आहोत, अशी भूमिका त्या घोषणेत होती. ओरॅकललाही संस्थेत सामील होण्याचे आणि ओपनऑफिस हे नाव समाजाला दान करण्याचे निमंत्रण होते. तोवर काम लिब्रेऑफिस या तात्पुरत्या नावाने चालेल असे ठरले. ओरॅकलने ते निमंत्रण स्वीकारले नाही. उलट ऑक्टोबर २०१० मध्ये झालेल्या परिषदेच्या सभेत, नव्या संस्थेत गेलेल्या सभासदांनी हितसंबंधांच्या विरोधास्तव परिषद सोडावी, अशी मागणी ओरॅकलच्या बाजूने करण्यात आली. तात्पुरते म्हणून घेतलेले लिब्रेऑफिस हे नाव कायमचे झाले.

२५ जानेवारी २०११ रोजी लिब्रेऑफिसची पहिली आवृत्ती निघाली. जर्मन कायद्याप्रमाणे प्रतिष्ठान नोंदवण्यासाठी ५०,००० युरोंचे भांडवल हवे होते. फेब्रुवारी २०११ मध्ये लोकांपुढे झोळी पसरली आणि आठ दिवसांत तेवढी रक्कम जमा झाली. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी बर्लिन येथे प्रतिष्ठानाची रीतसर नोंदणी झाली. इकडे ओरॅकलने एप्रिल २०११ मध्ये ओपनऑफिसची व्यापारी आवृत्ती बंद करीत असल्याचे सांगितले आणि जून २०११ मध्ये ती संहिता व ते नाव अपाची प्रतिष्ठानाकडे सोपवले. ज्या स्वातंत्र्यासाठी मंडळी घर सोडून गेली ते घर त्यांच्यामागे आठ-नऊ महिन्यांतच मोकळे झाले! पण तोवर पाय दुसरीकडे रुजले होते.

नव्या घरातील पहिली कामे पाहिली म्हणजे जुन्या घरात काय अडत होते ते कळते. प्रताधिकार कोणाच्या नावे करून देण्याची अट काढून टाकली गेली. संहितेत अभियंत्यांनी लिहिलेल्या टिपा कित्येक ठिकाणी जर्मन भाषेत होत्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर स्वयंसेवकांनी हाती घेतले. वापरात नसलेली जुनी संहिता झाडून काढण्यात आली. आणि नवशिक्याला दोन-चार संध्याकाळीत पार पाडता येतील अशा सोप्या कामांची यादी दाराशीच लावण्यात आली. झविन्स्की यांनी १९९९ साली जी दोन दुखणी सांगितली होती त्यांवरचेच हे उपचार होते.

तीन किल्ल्या

आता या दोन हकीकती शेजारी ठेवून पाहू. दोन्ही कंपन्यांनी संहिता खुली केली. दोन्हीकडे प्रामाणिक आणि कुशल माणसे होती. दोन्ही कंपन्या पुढे विकल्या गेल्या आणि नव्या मालकांना जुन्या वचनांचे अगत्य नव्हते. मग एका ठिकाणी हस्तांतर झाले आणि दुसऱ्या ठिकाणी वाटणी झाली, हे कशामुळे?

माझे उत्तर असे आहे की, संहितेचा परवाना हा केवळ दरवाजा होय. घराचा खरा कारभार तीन किल्ल्यांनी चालतो. पहिली किल्ली, बदल आत घेण्याचा निर्णय कोणाचा. दुसरी, लिहिलेल्या संहितेवरील प्रताधिकार कोणाचा. तिसरी, नाव कोणाचे. मोझिलात पहिली किल्ली आरंभापासून विभागाच्या धन्यांकडे होती आणि ती नोकरीवर अवलंबून नव्हती. दुसरी लेखकांकडेच राहिली. याचा तोटाही झाला : पुढे परवान्यात बदल करावयाचा ठरले तेव्हा शेकडो लेखकांना शोधून त्यांची संमती घ्यावी लागली आणि त्या कामात काही वर्षे गेली. पण ज्याला प्रत्येकाची संमती घ्यावी लागते त्याला कोणालाही गृहीत धरता येत नाही, हा त्या तोट्यातील लाभ होय. तिसरी किल्ली २००३ साली मालकाने स्वतः होऊन दिली. ओपनऑफिसमध्ये मात्र पहिली बव्हंशी कंपनीकडे, दुसरीत कंपनीचा खास वाटा आणि तिसरी शेवटपर्यंत कंपनीच्या कमरेला. तेव्हा समाजाला घर सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि दहा वर्षांत जगभर रुजवलेले नाव त्याला मागे ठेवून जावे लागले.

कोणी म्हणेल, कंपनीने सगळे द्यावयाचे तर तिला काय मिळावयाचे? हा आक्षेप रास्त आहे. पगार कंपनी देते, नुकसान तिला सोसावे लागते. तिने दिशा ठरवण्यात वजन ठेवावे हे न्याय्यच होय. माझे म्हणणे इतकेच की, ते वजन कामाच्या प्रमाणात असावे आणि त्याचे नियम आधी लिहिलेले असावेत. ज्याचे अभियंते अधिक त्याचे धनी अधिक, हे समाज आनंदाने मान्य करतो. एकाच सहीचे मोल दुसऱ्या सहीपेक्षा अधिक, हे तो फार काळ मान्य करीत नाही. आणि वचन द्यावयाचे तर ते पाळण्याची तिथीही सांगावी. अनुकूल काळात दिलेले मोघम वचन प्रतिकूल काळात वसूल होत नाही.

लोकाश्रय म्हणजे सर्व चिंतांचा अंत, असेही मी सुचवीत नाही. मोझिलाला पुढे जे उत्पन्न मिळू लागले त्याचा फार मोठा भाग शोधयंत्र चालवणाऱ्या कंपन्यांशी, त्यांतही मुख्यत्वे गूगलशी, झालेल्या करारातून येतो; आणि ऑगस्ट २०२० मध्ये तिला सुमारे २५० कर्मचाऱ्यांना निरोप द्यावा लागला. धन्याची जागा ग्राहकाने घेतली, एवढाच काय तो फरक, असे टीकाकार म्हणतात. मला तो फरक लहान वाटत नाही. ग्राहक गेला तर संस्था गरीब होते. धनी गेला तर संस्था उरतच नाही.

बडोद्याचा दाखला

बडोद्यात बसून हा विचार करताना एक जवळचा दाखला आठवल्यावाचून राहत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची योजना सुरू केली. महाराजांची सत्ता आणि खजिना पाहता गावोगावी सरकारी खर्चाने ग्रंथालये काढणे त्यांना अशक्य नव्हते. पण योजना तशी नव्हती. गावाने प्रथम आपली वर्गणी जमवावयाची; मग तेवढीच रक्कम प्रांताच्या पंचायतीने आणि तेवढीच दरबाराने घालावयाची. एक तृतीयांश वाटा गावाचा असल्याने ग्रंथालयाविषयी बोलण्याचा गावाला एक तृतीयांश तरी हक्क आपोआप आला. संस्थान १९४९ साली विलीन झाले, दरबार राहिला नाही. परंतु आपल्या वर्गणीतून उभे राहिलेले वाचनालय आपले आहे, ही जाणीव विलीनीकरणाच्या कोणत्याही करारात लिहून देण्याची वस्तू नव्हती. ग्रंथालय आणि आज्ञावली या भिन्न गोष्टी आहेत. तथापि आश्रयदाता असताना लोकांचा वाटा नियमात बांधून ठेवण्याचे तत्त्व दोहोंस सारखेच लागू पडते.

आपला संबंध

विद्यार्थी मित्रहो, या दूरदेशीच्या हकीकतीशी आपला संबंध काय, असे आपण विचाराल. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस या दोन्ही आज्ञावली आज मराठीतून वापरता येतात. त्यांतील ‘जतन करा’, ‘रद्द करा’ हे साधे शब्दसुद्धा कोणीतरी बसून लिहिले आहेत. काहींनी पगारी काम म्हणून, काहींनी केवळ भाषेच्या प्रेमापोटी. विक्रीच्या हिशेबावर चालणारी कंपनी लहान बाजारपेठेच्या भाषेकडे केव्हा वळेल ते तिच्या सवडीवर असते. संहिता खुली असली आणि शब्द आत घेण्याची रीत ठरलेली असली, तर मात्र ती वाट पाहण्याचे कारण उरत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपण मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात राहत आलो. आपली भाषा टिकली ती कोणाच्या बाजारभावामुळे नव्हे. शाळा, वाचनालये, गणेशोत्सव अशा वर्गणीवर चालणाऱ्या कामांमुळे टिकली. म्हणून या नव्या वर्गणीचे महत्त्व आपणास इतरांहून लवकर कळावे.

आपणांपैकी काही जण उद्या अशा कामांत स्वयंसेवक म्हणून जातील. काही जण कंपन्यांत अधिकारी होऊन लोकांना हाक देणारे होतील. पहिल्यांना माझे सांगणे असे की, श्रम देण्यापूर्वी त्या तीन किल्ल्या कोठे आहेत ते विचारा. विचारणे हा अविश्वास नव्हे. दुसऱ्यांना सांगणे असे की, लोक आले म्हणजे त्यांच्यासाठी बसावयास जागा, करावयास काम आणि बोलावयास हक्क या तिन्हींची तजवीज आधी करा. आणि आपण पायउतार झाल्यावरही ती टिकेल अशा रीतीने लिहून ठेवा. कंपन्यांचे आयुष्य फार नसते. नेटस्केपचा ब्राउझर १ मार्च २००८ नंतर निराधार झाला आणि सन आज ओरॅकलच्या पोटात आहे. त्या दोघींनी उघडलेल्या संहितेचे वंशज मात्र आपल्या शाळेच्या संगणक कक्षात रोज सकाळी सुरू होतात आणि त्यांवर आपल्या मुलांचे मराठी निबंध टंकित होतात.